दोलोतचा हात

मेंढी सकाळपासून कण्हत होती आणि दोलोतचा उजवा हात कोपरापर्यंत तिच्या आत होता. गुडघे बर्फाच्या चिखलात रुतलेले, गाल मेंढीच्या पाठीला टेकलेला, डोळे मिटलेले. मग त्यानं दात खाल्ले आणि हात बाहेर ओढला. कोकरू आलं ते पिवळ्या चिकट घाणीत बरबटलेलं आणि कधीच मेलेलं.

"गाभडली ही पण," तो म्हणाला आणि मेंढीच्या बरगडीत एक लाथ घातली. तिचा काय दोष, पण राग कुठं तरी काढायचाच असतो.

मग त्यानं लाथ विसरून कमरेचा सुरा काढला आणि मेलेल्या कोकराची कातडी सोलायला घेतली. पायाशी चार चिरा, पोटावरून एक, आणि सदरा उतरवावा तशी कातडी सरसर निघून आली. शेजारच्या मेंढीला जुळं झालं होतं. त्यातलं एक त्यानं उचललं, त्याच्या अंगात ती ओली कातडी चढवली आणि गाभडलेल्या मेंढीच्या नाकाखाली धरलं. मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आपलंच आहे म्हणून चाटायला लागली.

हे काम आक-बुलाक गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या हातून दर वेळी जमत नसे. दोलोतच्या हातून जमायचं. अडलेली मेंढीही त्याच्याच हातानं सुटायची. म्हणून मेंढ्या व्यायला लागल्या की सकाळपासून कुणी ना कुणी त्याच्या फाटकाशी येऊन उभं असायचं. दोलोतच्या हाताला यश आहे, असं सगळं गाव म्हणायचं. काम झालं की त्याला गरम खरवस मिळायचा, शेपटीची चरबी मिळायची, आणि बैठकीत भिंतीपासची मानाची जागा. ओश शहराच्या बाजारातही ओळखीचे लोक त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबायचे. दुसरं काही त्याच्यापाशी फारसं नव्हतं, आणि त्याला हवंही नव्हतं.

"दादा, साबणानं हात धुवा," त्याची मुलगी जिबेक म्हणाली. ती शाळेला निघाली होती आणि कुंपणाशी थांबून हे सगळं बघत होती.

दोलोतनं मूठभर बर्फ घेऊन हातावर चोळलं आणि विजारीला पुसलं. "माझे हात धुवायला निघालीस होय? हे हात नसते तर तू पण आडवीच राहिली असतीस आईच्या पोटात. दाई पळून गेली होती."

"तेव्हा तरी धुतले होते का?"

"तोंड आवर, नाहीतर शाळेत एक दात हातात घेऊन जाशील."

जिबेक अकरावीला होती. या उन्हाळ्यात शाळा संपायची. पुढं शहरात जाऊन जनावरांचं डॉक्टर व्हायचं, हे तिनं एकदा जेवताना सांगून टाकलं होतं. दोलोत "बघू" म्हणाला होता. त्या घरात बघूचा अर्थ नाही असाच होता, फक्त भांडण नको म्हणून तो हळू सांगितलेला असायचा. पण जिबेकनं त्या बघूवरच सगळी भिस्त ठेवली होती.

त्यात शाळेतल्या बाईंनी, गुलशायर-एजेंनी, नवीनच काढलं. वरच्या वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या मनाचं काही तरी शोधायचं, त्याच्या मागं लागायचं, आणि नूरुझला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळ्या गावापुढं मांडायचं. "तुम्हाला जे बघावंसं वाटतं ते बघा," बाई म्हणाल्या होत्या, "आणि बघून झालं की ते गावाला द्या. गावानं तुम्हाला एवढं दूध पाजलंय." कुणी मधमाश्या घेतल्या, कुणी म्हाताऱ्यांची जुनी गाणी, एकानं ओढ्यावर वीज काढायचं चक्र. जिबेकनं मेलेली कोकरं घेतली.

"लोकांच्या पोरी गाणी म्हणतात," दोलोत उलकानला, आपल्या बायकोला म्हणाला. "आपली मढी मोजते."

"बापावर गेली," उलकान म्हणाली. "मेंढीच्या मागं लागलेली."

त्याला हे ऐकून बरं वाटलं होतं, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

त्यानंतर दुपारी एकदा तो एरगेशच्या घरून परतला, तेव्हा मेंढवाड्याचं फाटक आतून बांधलेलं होतं. फटीतून बघतो तर जिबेक एका गाभण मेंढीला गुडघ्यांत दाबून बसलेली, कोपरापर्यंत रबरी मोजे चढवलेले, आणि मेंढीच्या कानातून रक्त एका चिमुकल्या बाटलीत ठिबकतंय.

त्यानं फाटक लाथेनं उघडलं. हाताला लागला तो मेंढीच्या गळ्याचा दोर होता. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर, तिसरा कुठं बसला त्याचं त्यालाच कळलं नाही. मेंढ्या भिंतीला जाऊन एकमेकींवर चढल्या.

"गाभण मेंढीचं रक्त काढतेस? आधीच पोटातली पडतायत, आणि तू रक्त काढतेस?"

जिबेक गोळा होऊन खाली पडली होती. एका मुठीत बाटली होती आणि ती मूठ तिनं छातीशी गच्च धरली होती. दोर त्या मुठीवर बसला, कातडी फाटली, पण मूठ उघडली नाही.

उलकान चुलीजवळून धावत आली. ती मध्ये पडली नाही. मध्ये पडलं की जास्त बसतो, हे तिला ठाऊक होतं. "पाठीवर मारा," ती ओरडली, "तोंडावर नको. शाळेत जायचंय तिला!"

तेव्हा दोलोत थांबला. काही दयामाया आली म्हणून नव्हे, तर त्याच्या पाठीच्या कण्यातून अशी कळ गेली की त्याला खांब धरावा लागला. महिनाभर हे चाललं होतं. दिवस कलला की अंगात ताप भरायचा, गुडघे आणि कंबर कुणी करवतीनं कापावं तशी दुखायची, आणि सकाळी अंगावरचा सदरा घामानं ओला. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या हाताला यश आहे, त्यानं आजारी कसं पडायचं?

"मोजे कुणी दिले?"

"कुबत-आकेंनी."

कुबत गावातला निवृत्त झालेला जनावरांचा डॉक्टर. तो गेली काही वर्षं दोलोतपुढं निकामी झाला होता, कारण अडलेल्या मेंढीला त्याला कुणी बोलावत नसे.

"तो म्हातारा तुला माझ्यावर सोडतोय," दोलोत म्हणाला.

"दादा, तुम्हाला संध्याकाळी ताप येतो ना?"

"कोण म्हणतं?"

"आई रोज सकाळी तुमचा सदरा पिळते. मला दिसत नाही का?"

त्यानं दोर भिरकावला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात एरगेशच्या सुनेचं, झमिराचं, पोट पडलं. सहावा महिना. एरगेश वरच्या आळीत राहायचा. चाळीस वर्षं दोलोतचा दोस्त, दोघांनी एका घोड्यावर बसून लांडगे मारलेले. त्याच्याकडंही मेंढ्या गाभडत होत्या, आणि दोलोतनंच त्या हातानं मोकळ्या केल्या होत्या. झमिरा मेंढ्यांना चारा घालायची, अशक्त कोकरं घरात आणून चुलीशी कुशीत घेऊन झोपायची. थंडीच्या दिवसांत गावातल्या सगळ्याच बायका हे करायच्या.

दोलोत भेटायला गेला तेव्हा एरगेश अंगणात कुत्र्याला चाबकानं झोडपत होता. कुत्र्यानं पुरलेलं काही तरी उकरलं होतं. कुत्रं ओरडायचंही थांबलं तरी तो मारतच होता.

"कुणाची तरी नजर लागली, दोलोत," तो धापा टाकत म्हणाला. "सापडू दे मला तो. आतडी काढून कुंपणाला गुंडाळतो."

"मी धरीन त्याला. तू काढ," दोलोत म्हणाला. आणि ते तो मनापासून म्हणाला होता.

नूरुझच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत सगळं गाव दाटलं. बाहेर मोठ्या कढईत गव्हाची गोड खीर रटरटत होती. दोलोत पहिल्या रांगेत, एरगेशच्या मांडीला मांडी लावून बसला होता. अंगात ताप होता पण टोपी नीट होती. मधमाशीवाल्या मुलानं मध चाखायला दिला. गाणीवाल्या पोरीनं म्हाताऱ्यांना रडवलं. लोक खूश होते. आपली पोरं शिकतायत, काही तरी करतायत, असं एकमेकांना सांगत होते.

मग जिबेक आली. तिनं टेबलावर मेंढीच्या घोट्याची हाडं मांडली, तीच ज्यांनी गावातली सगळी पोरं खेळतात. प्रत्येक हाड एकेक घर. मशिदीशी एक, ओढ्याकाठी दोन, वरच्या आळीत ओळ. ज्या घरी मेंढ्या गाभडल्या ती हाडं तिनं लाल रंगवली होती. लोक पुढं वाकून आपापलं घर शोधायला लागले. हसू फुटलं. "माझं घर वाकडं ठेवलंस गं!" कुणी तरी ओरडलं.

"हा नजरेचा प्रकार नाही," जिबेक म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "हा रोग आहे. रक्त ठेवलं की वर पाणी सुटतं. त्यात कुबत-आकेंचं गुलाबी औषध टाकलं की निरोगी मेंढीचं तसंच राहतं, रोगी मेंढीचं फाटतं, दह्यासारखं. मी आमच्या घरापासून सुरुवात केली. आमच्या निम्म्याहून जास्त मेंढ्यांचं फाटलं. हा रोग व्यालेल्या मेंढीच्या वारेतून, पिवळ्या पाण्यातून, कच्च्या दुधातून येतो. माणसाला संध्याकाळी ताप येतो, सांधे धरतात. पोटुशी बाईचं पोट पडतं."

एरगेशची मांडी दोलोतच्या मांडीशेजारून हलली.

जिबेकनं खिशातून लाल लोकरीचा धागा काढला. "कुणाकडं आधी झालं, कुणाकडं नंतर, ते मी घरोघर विचारलं." ती धागा एका हाडावरून दुसऱ्या हाडाशी नेत गेली. खालच्या एका हाडापासून ओढ्याकाठच्या अनारखानच्या घरी, तिथून परत खाली, तिथून एरगेशकडं, पुन्हा खाली. "रोग स्वतः चालत नाही. तो उघड्या हातावर बसून एका मेंढीच्या पोटातून दुसरीच्या पोटात गेला. मेलेल्या कोकराची कातडी जिवंत कोकराला घातली, तिच्यावर बसून गेला."

"कुणाच्या हातावर?" एरगेशनं विचारलं.

गुलशायर-एजे घाईघाईनं पुढं झाल्या. "नाव घ्यायचं काम नाही. पुढं काय करायचं ते सांग, बाळ."

आणि इथं दोलोतच उठून उभा राहिला. त्याला धाग्यातलं काही दिसलंच नव्हतं, तापानं डोळ्यांपुढं सगळं लालच होतं. त्याच्या डोक्यात एकच होतं, की तो म्हातारा कुबत सापडला. सुया टोचत गावभर हिंडलेला कुबतच, दुसरं कोण?

"नाव का नाही घ्यायचं?" तो गरजला. "माझ्या मित्राचा नातू गेला! भितेस कुणाला? दोलोतची पोर आहेस ना? सांग सगळ्यांसमोर, कुणाचा हात!"

जिबेकनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या फाटलेल्या मुठीवर अजून खपली होती.

"तुमचा, दादा."

धागा परत परत ज्या हाडाशी येत होता ते कुणाचं, ते आता सगळ्यांना एकदमच दिसलं.

दोलोतनं टेबल उलथवलं. हाडं खोलीभर उडाली. त्यानं जिबेकच्या तोंडावर ठोसा मारला, उघड्या हाताची चापट नव्हे, सरळ मूठ, आणि ती फळ्यावर जाऊन आदळली. गुलशायर-एजे मध्ये आल्या तर त्यांचा हात त्यानं असा पिरगळला की कट्कन आवाज झाला. मग मागून त्याच्या मानेवर एरगेशचा चाबूक बसला. एरगेश फक्त मारत होता, तोंडावर, कानावर, पडला तरी पाठीवर. दोलोतनं त्याचे पाय धरून त्याला खाली ओढलं आणि चाळीस वर्षांच्या दोस्ताचे पुढचे दात कोपरानं पाडले. बाकीचे पुरुष तुटून पडले. बाहेरची खीर कढईत करपली, ती हलवायला कुणी उरलं नव्हतं.

दोलोत घरी कसा आला, ते त्याला आठवत नव्हतं. तो मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून चिखलात बसला होता. एक कान बंद झाला होता. तेवढ्यात घोड्यांचे पाय वाजले. वरच्या आळीतले तरणे गडी, हातात सोटे, एकाकडं कुऱ्हाड.

ते थेट मेंढवाड्यात शिरले. पहिल्या मेंढीच्या डोक्यात सोटा बसला तसे तिचे गुडघे मोडले. दुसरीची मान कुऱ्हाडीनं अर्धीच तुटली आणि ती तशीच गोल फिरत राहिली. गाभण पोटं फुटली. मेलेल्याची कातडी चढवून दुसरीला लावलेलं ते कोकरू कुणाच्या तरी बुटाखाली गेलं. दोलोत उठायला गेला, पडला, पुन्हा उठायला गेला. उलकान दारात किंकाळ्या फोडत होती.

जिबेक तिच्या मागून बाहेर आली. अर्धं तोंड काळंनिळं, एक डोळा पूर्ण मिटलेला. ती रक्तात चालत वाड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मारा!" ती ओरडली. "आणखी मारा! ते तोंडावर काय उडालंय तुझ्या, शेरअली? पूस की. ओठावर पण आहे, चाट. तोच रोग आहे तो! बायको पोटुशी आहे ना तुझी? जा आता घरी, तिला मिठी मार!"

शेरअलीचा सोटा वरच्या वर थांबला. त्यानं गालावर हात नेला, बोटं लाल झालेली बघितली, आणि हात अंगापासून लांब धरला.

"हे सगळं रक्त ओढ्याला जाणार," जिबेक म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "खाली तुमच्याच गाई पितात. पुरायचं असतं, खोल, चुना टाकून. मी तेच सांगणार होते शाळेत. सांगू दिलं का कुणी?"

ज्या गड्यानं कुऱ्हाड आणली होती, त्यानं ती जमिनीवर ठेवली आणि बर्फानं हात चोळायला लागला.

"बर्फानं नाही," जिबेक म्हणाली. "आई, साबण आण. गरम पाणी आण. सगळ्यांना."

आणि ते घोड्यावरून मारायला आलेले दांडगे गडी रांगेत उभे राहून, बाह्या वर सारून, उलकाननं ओतलेल्या पाण्यानं हात धुवायला लागले. दोलोत भिंतीशी बसून बघत होता. त्याच्या पोरीनं एकेकाची नखं तपासली. असं तो स्वतः कुणाला कधी उभं करू शकला नसता. त्याला रडू आलं, आणि ते लपवावंसं त्याला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओढ्यापासून लांब, टेकाडाच्या बगलेत खड्डा खणायला घेतला. जमिनीचा वरचा थर गोठलेला होता, पहार उडायची आणि प्रत्येक घावाला कंबरेतली कळ डोक्यात जायची. दुपारी शेरअली फावडं घेऊन आला आणि खड्ड्यात उतरला. मग आणखी दोघं आले. ओढा उपसायला सगळं गाव मिळून उतरतं, तसे ते उतरले, फक्त या वेळी कुणी गाणं म्हणत नव्हतं.

उरलेल्यांतल्या रोगी म्हणून खूण केलेल्या मेंढ्या दोलोतनं स्वतःच कापल्या. कोपरापर्यंत मोजे घालून, प्रत्येकीवर अल्लाचं नाव घेऊन, एका चिरेत. तो प्रत्येक मेंढीला नावानं ओळखत होता. मोज्यातून त्याला त्यांचं अंग लागत नव्हतं, आणि तेच त्याला सगळ्यात कठीण गेलं. कुबत चुन्याचं पोतं घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा होता. दोलोत त्याच्याकडं न बघता म्हणाला, "टाक."

संध्याकाळच्या आत एरगेश आपल्या मेंढ्या घेऊन आला. तोंड सुजलेलं, बोलताना हवा निघत होती. त्यानं दोलोतकडं बघितलं नाही. जिबेकपाशी गेला.

"झमिराचं पण रक्त बघशील का? पुढं मूल होईल का तिला?"

"माणसाचं मला येत नाही, एरगेश-आके. तिला शहरातल्या दवाखान्यात न्या. औषध आहे त्याच्यावर. उद्याच न्या."

"तू चल बरोबर. तिथं काय सांगायचं ते आम्हाला काय कळतंय."

"दादांना पण न्यायला हवं," जिबेक म्हणाली. एरगेश चुन्याकडं बघत म्हणाला, "गाडीत जागा आहे. मागं बसू दे त्याला."

सगळे परत निघाले तेव्हा अनारखान धावत आली. ओढ्याकाठची विधवा, तिच्या मेंढ्यांतली एकच जुनी मेंढी तपासात निरोगी निघाली होती. "दोलोत! अडलीय रे, पाय उलटा आलाय! लवकर चल!" बोलून गेली आणि मग तिला आठवलं. ती तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून तिथंच उभी राहिली.

दोलोतचे पाय सवयीनं दोन पावलं पुढं गेलेही होते. तो थांबला. हातातले मोजे त्यानं खड्ड्यात टाकले.

"जिबेक, तू जा," तो म्हणाला. "पाय उलटा असला तर आधी आत लोट. ओढू नको. गुडघा सापडला की तळव्यात धर, म्हणजे आतून फाटत नाही."

तिनं पिशवीतून नवे मोजे काढले. कालपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"त्या डोळ्यानं दिसतं का गं?" त्यानं विचारलं.

"नाही."

अनारखानच्या कुंपणापर्यंत तो तिच्या मागं गेला. फाटकाशी जिबेक वळली. "तुम्ही आत नका येऊ."

"नाही येत. इथनं सांगतो काही लागलं तर." मग खाली बघत म्हणाला, "शाळा संपली की शहरात जा. मी बघू म्हणालो होतो, तसलं नाही. जा."

ती आत गेली. मेंढीचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि जिबेकचा आवाज, तिला हळूहळू समजावणारा. दोलोतची बोटं आपोआप वळत होती, आत लोटत होती, गुडघा शोधत होती. त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि कुंपणाबाहेर उभा राहिला.